कोळशाच्या वायूचे पहारेकरी

रोमचा बादशहा ज्यूलियन हा सिंहासनावर येण्यापूर्वीं गॉल प्रांताचा कारभार पाहत असतां कांहीं काळ सीन नदीवरील ल्यूटीशिया नांवाच्या लहानशा गांवीं राहिला होता. आजचें पॅरिस तें हेंच. एके हिवाळ्यांत थंडी इतकी कडक पडली कीं नदींतून बर्फाच्या लाद्या वाहूं लागल्या. ज्यूलियनचा स्वभाव तपस्व्याचा. निजण्याची खोली तापवूं देण्यास तो राजी नसे. शेवटीं त्यानें थोडेसे निखारे आंत आणविले. कांहीं वेळानें त्याचें डोकें जड झालें, गुंगी आली, आणि लोकांनीं उचलून बाहेर नेलें नसतें तर त्याची पुढील अल्पकाळची बादशाही इतिहासांत उमटलीच नसती. ३६३ सालीं ज्यूलियननें हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवला आहे. मात्र दोष त्यानें निखाऱ्यांना न देतां भिंतींतून सुटलेल्या दमट वाफेला दिला.

त्याच्या मागून गादीवर आलेला जोव्हियन एवढा भाग्यवान नव्हता. ३६४ सालच्या फेब्रुवारींत राजधानीकडे परतत असतां आशिया मायनरमधील एका मुक्कामीं तो सकाळीं बिछान्यांत मृत आढळला. ताज्या चुन्याचा वास, रात्रीचें जड जेवण आणि खोलींतील कोळशाची शेगडी, अशीं तीन कारणें तत्कालीन इतिहासकारांनीं सुचविलीं. आजचा वैद्य बहुधा तिसऱ्यावरच बोट ठेवील.

या दोन बादशहांची कथा सांगण्याचें कारण असें कीं, ज्या वायूनें त्यांच्यावर झडप घातली तो सुमारें चौदाशें वर्षें निनांवीच राहिला. कार्बन मोनॉक्साइड हें त्याचें आजचें नांव. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. नाकाडोळ्यांची आग होत नाहीं, ठसका लागत नाहीं. धुराची भीति मनुष्याला उपजतच असते, पण धूर नसलेल्या निखाऱ्याचें भय कोणास वाटावें? महाराष्ट्रांत बाळंतिणीच्या खोलीचीं दारें-खिडक्या गच्च लावून बाजेखालीं शेगडी ठेवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. आईला आणि बाळाला वारें लागूं नये हा तींतला हेतु, आणि हेतु चांगलाच. परंतु धूर संपला म्हणजे अपाय संपला हा जो समज तिच्या मुळाशीं होता तो मात्र अगदीं खोटा. शेगडीच्या तळाशीं हवा भरपूर मिळते, म्हणून तेथें कार्बन डायॉक्साइड तयार होतो. तो वरच्या लाल कोळशांतून चढूं लागला कीं कोळसा त्याच्यांतील अर्धा प्राणवायु हिरावून घेतो आणि उरतो तो हा विषारी वायु. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत म्हणजे हाच वायु जळत असतो. ज्योत दिसते तोंवर त्याचा कांहीं भाग तरी जळून जात असतो. ती मावळली कीं तो न जळतां खोलींत पसरतो.

१७७६ सालीं लासोन नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें जस्ताचें भस्म कोळशाबरोबर तापवून हा वायु मिळविला. पण ज्वाला निळी पाहून तो त्याला हायड्रोजन समजला. त्याची खरी घडण इंग्लंडांतील क्रुकशँकनें १८०० च्या सुमारास ओळखली. तो मारतो कसा, हें कळण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. फ्रान्सचा थोर शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यानें कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हां त्याला असें दिसलें कीं मेलेल्या जनावरांच्या शिरांतील रक्त काळसर न होतां धमन्यांतल्यासारखें लालभडक राहतें. रक्ताच्या तांबड्या कणांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्याचीच जागा हा वायु अडवून बसतो. प्राणवायूपेक्षां त्याची त्या द्रव्याशीं जवळीक दोनशेंहून अधिक पटींनीं आहे. पाहुण्यानें घरांत शिरून यजमानालाच उंबऱ्याबाहेर उभें करावें, तसा हा प्रकार.

यापुढील इतिहासाचा नायक मात्र स्कॉटलंडांत सांपडतो. जॉन स्कॉट हॉल्डेन याचा जन्म १८६० सालीं एडिंबरोस झाला. शिक्षणानें तो वैद्य. पण दवाखान्यापेक्षां गटारें, कारखाने आणि खाणी यांतील हवेंत त्याचें मन अधिक रमे. १८९५ सालीं त्यानें या वायूचे प्रयोग स्वतःवर केले. नळींतून मोजून वायु घ्यावा, मधून मधून बोट टोचून थेंबभर रक्त काढावें, त्याचा रंग ताडून पाहावा आणि त्याच वेळीं शरीराचीं आणि मनाचीं लक्षणें टिपून ठेवावीं, असा त्याचा क्रम. एका प्रयोगांत त्याच्या रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग या वायूनें व्यापला होता. दृष्टि मंदावली, पाय लटपटूं लागले. त्यानें काढलेला एक निष्कर्ष आजच्या गृहस्थानेंही लक्षांत ठेवण्यासारखा आहे: स्वस्थ बसलेल्या मनुष्याला बराच वेळ कांहीं विशेष वाटतच नाहीं, आणि वाटूं लागतें तेव्हां विचारशक्तीच डळमळलेली असते. संकटाची जाणीव ज्या इंद्रियानें व्हावयाची तेंच हा वायु आधीं निकामी करतो.

पुढच्याच वर्षीं, २७ जानेवारी १८९६ रोजीं, दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ५७ माणसें मेलीं. हॉल्डेन तेथें गेला. स्फोटांत मेलेला मनुष्य जळालेला किंवा मोडलेला असावयाचा ही सर्वांची अपेक्षा. प्रत्यक्षांत बहुतेक मृतदेहांवर प्राणघातक अशी जखमच नव्हती, आणि त्यांचे चेहरे तर निरोगी माणसासारखे गुलाबी होते. रक्त तपासतां कारण उघड झालें: स्फोटाच्या मागून खाणींत पसरलेल्या वायूनें त्यांचा बळी घेतला होता. म्हणजे स्फोट झाल्यावरही पुष्कळांना पळण्यास अवसर होता. कोणत्या वाटेनें पळावें हें सांगणारा मात्र कोणी नव्हता. हॉल्डेनच्या अहवालाचें महत्त्व यांतच आहे.

सांगणारा कोण, याचें त्याचें उत्तर मोठें साधें होतें. लहान प्राण्याच्या शरीरांत सर्व व्यवहार जलद चालतात. त्याचें रक्त या वायूनें लवकर भरतें आणि तो मनुष्याच्या कितीतरी आधीं कोसळतो. म्हणून खाणींत उतरणाऱ्यांनीं पांढरा उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा. पुढें अमेरिकेच्या खाण-खात्यानें ताडून पाहिलें तेव्हां कॅनरी पक्षी सरस ठरला. उंदीर गुंगला तरी कोपऱ्यांत नुसता बसून राहतो आणि तो झोंपला कीं मेला हें कळत नाहीं. कॅनरी मात्र दांडीवरून धपकन् खालीं पडतो. १९११ च्या सुमारापासून ब्रिटिश खाणींत ही पद्धत रूढ झाली. पहिल्या महायुद्धांत भुयारें खणणाऱ्या सैनिकांनींही हे सोबती बरोबर नेले. एडिंबरोच्या किल्ल्यांतील युद्धस्मारकावर या उंदरांची आणि पक्ष्यांची कोरीव आकृति आहे.

पांखराचा जीव घेऊन मनुष्याचा वांचवावयाचा हें निष्ठुर वाटेल. परंतु खाणवाल्यांनाही तें रुचत नसावें; कारण पिंजऱ्यावरच प्राणवायूची लहान नळकांडी बसविलेली एक पेटी निघाली. पक्षी पडतांच तिचें दार लावून चावी फिरवावयाची, म्हणजे तो पुन्हां सावध होई. अशी पेटी मँचेस्टरच्या विज्ञान-संग्रहालयांत पाहावयास मिळते. कॅनरीची ही नोकरी थोडीथोडकी नव्हे, १९८६ पर्यंत चालली. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमधील उरलेल्या दोनशेंहून अधिक पक्ष्यांना निवृत्त करून त्यांच्या जागीं विजेचें हातयंत्र आणण्याचें ठरलें.

हॉल्डेनचा मुलगाही पुढें थोर शास्त्रज्ञ झाला. जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं १९५७ सालीं भारतांत येऊन कलकत्त्यास काम केलें, येथील नागरिकत्व घेतलें आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें देह ठेवला. त्यांनीं बालपणची एक हकीकत सांगितली आहे. वडिलांनीं त्यांना खाणींत नेलें, एका ठेंगण्या बोगद्यांत उभें केलें आणि शेक्सपियरच्या नाटकांतील सीझरच्या प्रेतापुढचें अँटनीचें भाषण म्हणावयास लावलें. थोड्याच ओळी झाल्या आणि मुलाला धाप लागली, पाय गळाले, तो जमिनीवर कोसळला. जमिनीजवळ हवा चांगली होती, म्हणून तो लगेच सावध झाला. वरच्या थरांत मिथेन होता; तो हवेपेक्षां हलका म्हणून छताशीं जमतो. शिकविण्याची ही तऱ्हा आजच्या मातापित्यांस पसंत पडणार नाहीं, पण धडा पक्का बसला. कोणता वायु कोठें राहतो हें ज्याला कळलें नाहीं, त्यानें पहारा कोठें बसवावा हेंही त्याला कळणार नाहीं. या धड्याची गरज पुढें घरांतील यंत्र भिंतीवर ठोकतांना पडते.

खाणींतील मजुरांचें जिणें ज्यानें कादंबरींत अमर केलें त्या एमिल झोलाचा अंत याच वायूनें व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावयाचा. १९०२ सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस झोला पतिपत्नी खेड्यांतील घरून पॅरिसला परतलीं. घर बरेच दिवस बंद होतें, म्हणून शयनगृहांत कोळसा पेटविण्यांत आला. पण धुराडें नीट ओढत नव्हतें. रात्रीं दोघांनाही अस्वस्थ वाटलें. नोकरांना हांक मारावी असें पत्नीच्या मनांत आलें. झोलानें अपचन झालें असेल म्हणून तें टाळलें. नंतर तो उठला आणि जमिनीवर पडला तो पुन्हां उठला नाहीं. सकाळीं दार फोडून लोक आंत आले तेव्हां पत्नी बिछान्यावर बेशुद्ध होती, ती वांचली. धुराडें मुद्दाम बुजविलें गेलें अशी कुजबूज झाली, आणि एका कारागिरानें तशी कबुली दिल्याचें १९५३ सालीं पॅरिसच्या एका वृत्तपत्रानें छापलेंही. परंतु तें कधीं सिद्ध झालें नाहीं. जमिनीवरचा मेला आणि पलंगावरची वांचली, यावरून हा वायु खालीं बसतो असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. हवेच्या मानानें या वायूचें वजन शंभरास सत्त्याण्णव एवढें असतें. तो ना छताला चिकटतो ना जमिनीला, तो खोलीभर मिसळतो. आणि शेगडीच्या किंवा चुलीच्या उष्णतेनें हवा वर चढते तेव्हां तिच्याबरोबर तोही वर जातो.

शहरांत हा वायु केवळ चुलींतून आला असें नाहीं. तो नळांतूनही आला. कोळसा बंद भट्टींत तापवून मिळणाऱ्या दिव्याच्या गॅसमध्यें त्याचा चांगलाच अंश असे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ च्या ऑक्टोबरांत जे गॅसचे दिवे प्रथम लागले ते याच गॅसचे. ब्रिटननें १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरचे नळ नैसर्गिक गॅसकडे वळविले. मुंबईंतही आतां नळांतून येतो तो नैसर्गिक गॅसच, आणि त्यांत हा विषारी वायु नसतो. म्हणून निश्चिंत राहावें काय? नव्हे. कोणतेंही इंधन अपुऱ्या हवेंत जळलें कीं तो जन्मतोच. न्हाणीघरांतील गॅसचा गीझर हें त्याचें आजचें उदाहरण होय. लहानशी बंद खोली, लावलेली खिडकी, चांगली पंधरा-वीस मिनिटें चाललेली अंघोळ. अशा रीतीनें मुंबई-पुण्याकडे तरुण माणसें दगावल्याच्या बातम्या अजून वाचाव्या लागतात.

मोजमापाच्या शास्त्राला गति मिळाली ती मोटारींमुळें. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी यांना जोडणारा, हडसन नदीच्या तळाखालून जाणारा हॉलंड बोगदा १९२७ सालीं खुला झाला. मोटारींच्या धुरांत हाच वायु असतो, तेव्हां हजारों गाड्या एका नळींतून जाणार तर माणसें जगणार कशीं, हा प्रश्न बांधण्याआधींच उभा राहिला. येल विद्यापीठाच्या यँडेल हेंडरसननें बंद कोठडींत माणसें बसवून ठरविलें कीं दहा हजार भागांत चार भाग एवढा वायु तासभर सोसतां येतो. त्या आंकड्यावर बोगद्याचे ८४ पंखे बसविण्यांत आले. या एका आंकड्यांत पुढील साऱ्या इशारा-यंत्रांचें बीज आहे. कारण त्यांत वायूचें प्रमाण आणि घड्याळ या दोहोंची सांगड घातलेली होती.

घरासाठीं प्रथम आल्या त्या रंग बदलणाऱ्या चकत्या. वायु लागला कीं त्यांवरील क्षार काळवंडे. युक्ति सुबक खरी, पण निजलेला मनुष्य चकतीकडे पाहणार केव्हां? आवाज करणारें साधन हवें होतें. जपानमध्यें नाओयोशी तागुची यानें कथिलाच्या भस्माचा उपयोग करून १९६२ सालीं गॅस ओळखणारा घटक शोधला. नंतर विद्युत्-रासायनिक घट आले. त्यांत शिरलेल्या वायूचें ज्वलन होऊन अतिसूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि वायु जेवढा अधिक तेवढा प्रवाह अधिक. आजच्या घरगुती यंत्रांत बहुधा हाच घट असतो. १९९२ सालीं अमेरिकेंत या यंत्रांचें प्रमाण ठरविणारें पहिलें मानक निघालें, आणि १९९४ च्या ऑक्टोबरपासून शिकागो शहरानें घरोघर तें सक्तीचें केलें.

मग गंमत झाली. त्याच डिसेंबरांत हवेचा गरम थर शहरावर झांकणासारखा बसला, बाहेरचा धूर खालींच कोंडला, आणि घरोघरचीं यंत्रें एकदम किंचाळूं लागलीं. अग्निशामक दळाला धांवतां भुई थोडी झाली. घरांत पाहावें तर विशेष कांहीं नाहीं. अशा वेळीं लोक काय करतात? बॅटरी काढून ठेवतात. वारंवार उगीच ओरडणारा पहारेकरी नसल्यासारखाच. यानंतर मानक सुधारण्यांत आलें आणि यंत्राला थोडा धीर शिकविण्यांत आला.

हा धीरच सामान्य गृहस्थाला उमगत नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. धूर ओळखणारें यंत्र धूर लागतांच ओरडतें. कार्बन मोनॉक्साइडचें यंत्र तसें करीत नाहीं. तें रक्ताचा हिशेब करतें. प्रमाण किती आणि वेळ किती यांवरून रक्त कितपत भरलें असेल याचा अंदाज घेऊन, तें दहांत एक भाग भरण्याच्या आंत मनुष्याला उठवावयाचें, अशी अमेरिकन मानकाची कल्पना आहे. दहा लाख भागांत ७० भाग वायु असेल तर एक ते चार तासांत, १५० असेल तर दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० असेल तर चार ते पंधरा मिनिटांत यंत्रानें वाजलें पाहिजे. हे ४०० म्हणजेच हेंडरसनचे दहा हजारांत चार. युरोपचें मानक कांहींसें कडक आहे. तेथें ३०० भागांवर तीन मिनिटांच्या आंत आवाज झाला पाहिजे. ३० भागांसारखें अल्प प्रमाण असल्यास मात्र दोन्हीकडचीं यंत्रें दीर्घकाळ गप्पच राहतात. तेव्हां यंत्र गप्प आहे याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा नव्हे. धडधाकट मनुष्याला तूर्त उठवावें असें कांहीं नाहीं, एवढाच. गरोदर स्त्री, तान्हें मूल, हृदयविकाराचा रोगी यांच्यासाठीं ही मर्यादा थोडी उदारच म्हटली पाहिजे. ज्या घरांत अशीं माणसें आहेत तेथें आंकडा दाखविणारें यंत्र घ्यावें; तें थोडें महाग पडतें, पण पैसे वायां जात नाहींत.

आतां जागेचा प्रश्न. बाजारांत गॅसचे म्हणून तीन वेगळे पहारेकरी मिळतात आणि ग्राहक बहुधा एकाच भावानें तिघांना घेतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षां जड, त्याचें यंत्र जमिनीलगत हवें. नळाचा नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः बाल-हॉल्डेनला पाडणारा तोच मिथेन, त्याचें यंत्र छताजवळ हवें. हीं दोन्ही यंत्रें गळलेला गॅस ओळखतात. जळून निघालेला विषारी वायु ओळखतीलच असें नाहीं. कार्बन मोनॉक्साइडचें यंत्र निराळें, आणि त्याच्या जागेचा विचार वजनावरून नव्हे तर निजणाऱ्या माणसावरून करावयाचा. निजण्याच्या खोल्यांच्या दाराबाहेर एक असावें आणि घराला मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक. खोलींतच ठेवणें झाल्यास उशीजवळ, श्वासाच्या उंचीला ठेवावें. ज्या खोलींत चूल, गीझर किंवा शेगडी असेल तेथें तें उपकरणापासून एक ते तीन मीटर दूर, भिंतीवर दारा-खिडक्यांच्या चौकटीहून उंच, पण छतापासून निदान १५ सेंटिमीटर खालीं लावावें. छतालाच लावणें असेल तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर सोडावेत. पडद्यामागें, कपाटांत, पंख्याच्या झोतांत किंवा उघड्या खिडकीपाशीं लावलेलें यंत्र घराची हवा न हुंगतां भलतीच हवा हुंगतें.

न्हाणीघरांत तें लावूं नये. वाफेनें घट बिघडतो. आणि दाराबाहेर लावलें तर बंद दाराआड अंघोळ करणाऱ्याला त्याचा उपयोग उशिराच होणार. तेव्हां तेथें यंत्रावर विसंबण्यांत अर्थ नाहीं. गीझरच न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसवावा, हाच खरा उपाय.

यंत्र वाजलें म्हणजे काय करावें? खिडक्या-दारें उघडावींत, चूल-गीझर बंद करावे आणि घरांतल्या सर्वांना, झोंपलेल्यांना उठवून, बाहेर काढावें. डोकें गिनती करून पाहावें आणि तज्ज्ञानें तपासल्यावांचून परत आंत जाऊं नये. हवा खेळली कीं यंत्र गप्प होतें, आणि तेव्हां तें उगीच वाजलें असें वाटूं लागतें. झोलाच्या अपचनासारखाच हा समज घातक आहे. सगळ्या घराला एकदम डोकेंदुखी आणि मळमळ होत असेल, आणि बाहेर गेल्यावर ती उतरत असेल, तर यंत्र वाजो वा न वाजो, संशय चुलीवरच घ्यावा.

यंत्रावरील चांचणीची कळ दाबली असतां कर्णा आणि बॅटरी ठीक आहेत एवढेंच समजतें. आंतला घट जिवंत आहे कीं नाहीं हें बहुधा कळत नाहीं. हा घट पांच ते दहा वर्षांत झिजतो आणि त्याची मुदत यंत्राच्या पाठीवर छापलेली असते. संकटाचा आवाज चार-चार ठोक्यांचा आणि सतत असतो. अधूनमधून एकदांच होणारी बारीक चिवचिव निराळी. ती बॅटरी संपल्याची किंवा मुदत भरल्याची खूण. नवी बॅटरी घालूनही ती थांबली नाहीं, तर सबंध यंत्रच बदलावें.